तुम्ही विचारलंत म्हणून : आमच्यात नेम काय असतो?

आमच्या गल्लीतले माळकरी मामा कार्तिकात काकड्याला पहाटे चारलाच उठून जातात. परतताना मी दारात दिसलो की हमखास थांबतात. एकदा त्यांनी विचारलं, "आमच्यात एकादशी हाय, काकडा हाय, वारी हाय. तुमच्या ख्रिस्ती लोकांत नेम काय असतंय? नुसतं रविवारी देवळात जाऊन विश्वास टिकतोय व्हय?" चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात. त्यानंतर हाच प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारला. पुण्याला, बेंगळुरूला नोकरीला गेलेली आमच्याच मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, पोरंही विचारतात, जरा खाली मान घालून. काका, तुमचा विश्वास थंड पडत नाही का?

पडतो, आणि माझा चांगला तीन वर्षं पडला होता. पण त्याआधी राखणीचं सांगतो, कारण जागं राहणं म्हणजे काय ते मी शेतात शिकलो, देवळात नंतर.

आमचं मूळ गाव बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, जंगलाला लागून. दसऱ्यानंतर भात पिकायला लागलं की रानडुकरं उतरायची, कधी गवेही यायचे. वर्षाचं पीक एका रात्रीत तुडवलं जायचं. म्हणून ज्याच्या त्याच्या शेतात माळा, खाली शेकोटी, हाताशी काठी आणि पत्र्याचा डबा. मी बारा वर्षांचा असताना बाबांबरोबर पहिल्यांदा माळ्यावर गेलो. राखण म्हणजे रात्रभर डोळे ताणून अंधारात बघत बसायचं, अशी माझी समजूत होती. बाबा तर निवांत टेकून बसलेले असायचे. मात्र थोड्या थोड्या वेळानं शेजारच्या माळ्याकडे तोंड करून हाळी द्यायचे, "जागा हाईस काय रेऽऽ?" तिकडून ओ यायची. मग तो त्याच्या पलीकडच्याला हाळी द्यायचा. अशी ती हाक एकेक शेत ओलांडत ओढ्यापर्यंत जायची. कधी ओ आली नाही तर बाबा डबा बडवायचे, तो जनावरांना हाकलायला नसायचा, पेंगलेल्या शेजाऱ्याला उठवायला असायचा. "झोप लागली हे झोपलेल्याला कळत नसतंय," ते म्हणायचे, "शेजारच्याला कळतंय."

पुढे शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची कथा, नीट वाचायला लागलो तेव्हा जागं राहण्याची हीच गोष्ट मला ठिकठिकाणी भेटली. मार्काच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांना सांगतो, जागे राहा, घरधनी कधी येईल ते तुम्हाला ठाऊक नाही: संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की सकाळी. रात्रीचे हे चार प्रहर त्या काळच्या रोमी पहाऱ्याचे. लगेच पुढच्या अध्यायात त्याच्या अटकेची रात्र येते आणि हेच चार प्रहर एकामागून एक उलगडतात. संध्याकाळी तो बारा शिष्यांबरोबर भोजनाला बसतो आणि तुमच्यातलाच एक मला धरून देईल असं सांगतो. रात्री गेथशेमाने बागेत शिष्य झोपी जातात. कोंबडा आरवतो तेव्हा त्याचा शिष्य पेत्र तिसऱ्यांदा त्याला नाकारून बसलेला असतो. सकाळी त्याला बांधून रोमी सुभेदार पिलाताकडे नेतात. घरधनी प्रत्येक प्रहरी आला होता. जागं कुणीच नव्हतं.

आणि बागेत त्यानं मागितलं तरी काय होतं? मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याचे शब्द आहेत, माझ्याबरोबर जागे राहा. 'माझ्याबरोबर' या शब्दापाशी मी दर लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, अडतो. ज्यानं वादळाला दटावलं त्याला त्या रात्री तीन मित्र जवळ जागे हवे होते. मग मी कोण एकट्यानं जागा राहणारा? पुढे पेत्राच्या नावानं जे पत्र आपल्याकडे आहे त्यात सावध असा, जागे राहा असं लिहिलंय. बागेत डुलक्या घेतलेल्या माणसाच्या तोंडी ते शब्द येतात म्हणून मला त्यांचा धाक वाटत नाही, आधार वाटतो.

आता माझ्या झोपेचं. आई गेल्यावर घराच्या वाटणीवरून माझं आणि अण्णांचं, म्हणजे मोठ्या भावाचं, बिनसलं. तीन वर्षं आम्ही बोललो नाही. त्या तीन वर्षांत माझी एकही रविवारची उपासना चुकली नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. मी देवळाच्या कमिटीत होतो, दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, देत होतो, गाणी तोंडपाठ म्हणत होतो. एका रविवारी शास्त्रवाचन माझ्याकडे आलं. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तिथं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, असा तो उतारा. मी तो खणखणीत आवाजात वाचला, जागेवर येऊन बसलो, आणि आत काहीही हललं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी प्रभुभोजनही, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षरसही, घेतलं.

मला उठवलं ते आमच्या बुधवारच्या घरगुती प्रार्थनेतल्या एका अक्कांनी. त्यांची घरची भाषा कन्नड, मराठी मोडकं. आमच्या बैठकीत हे नेहमीचंच आहे, ज्याला ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत तो प्रार्थना करतो. त्या दिवशी चहा झाल्यावर चपला घालता घालता त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्या प्रार्थनेत अण्णाचं नाव यायलं नाही की आता." एवढंच. उपदेश नाही, वचन नाही. मी घरी आलो आणि मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांच्या दारात उभा होतो. वाटणीचं भांडण मिटायला पुढे वर्ष गेलं, पण बोलणं त्या दुपारी सुरू झालं.

आमची मंडळी मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका शाखेची. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीनं १८२० साली काम सुरू केलं आणि १९०४ मध्ये ते अमेरिकन मेथडिस्टांकडे आलं. मेथडिस्टांचा मूळपुरुष जॉन वेस्ली. त्याच्या मंडळीवर इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. ते फेडायला १७४२ साली असं ठरलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यायची आणि साधारण बारा जणांमागे एकानं घरोघर जाऊन ती गोळा करायची. घरात पाऊल पडलं तसं कुणाच्या घरी भांडण आहे, कोण पुन्हा दारूकडे वळलाय, हे दिसायला लागलं. वेस्लीनं ओळखलं की पेनीपेक्षा ही भेट मोलाची आहे. त्यातून 'क्लास' नावाच्या छोट्या बैठका उभ्या राहिल्या, जिथं एकमेकांना आठवड्याला विचारायचं, तुझ्या जिवाचं कसं चाललंय? हे वाचलं तेव्हा मला माळ्यावरची हाळीच ऐकू आली.

तेव्हा मामा, आमचा नेम विचारलात तर माझ्यापुरता सांगतो. सकाळी मोबाईल हातात घेण्याआधी एक स्तोत्र मोठ्यानं वाचायचं, मनातल्या मनात नाही, कारण मनातल्या मनात वाचताना मी फार लवकर दुसरीकडे जातो. दिवेलागणीला घरात एकत्र प्रार्थना. नातवंडं कन्नड आणि इंग्रजी शाळेत शिकतात, त्यांना मराठी पवित्र शास्त्र वाचायला जड जातं, म्हणून रोज एक वचन मी त्यांच्याकडून म्हणवून घेतो. एका वहीत नावं लिहून ठेवली आहेत, ती घेऊन प्रार्थना करतो. ज्या नावापाशी जीभ अडते ते आधी घेतो. प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री कुणाशी तुटलंय का ते बघतो आणि असेल तर फोन लावतो. आणि बुधवार चुकवत नाही. एवढ्यातलं एकच ठेवायचं म्हणालात तर मी बुधवार ठेवीन.

अक्का आता नाहीत. त्यांचं विचारण्याचं काम थोडंफार माझ्याकडे आलंय. आमच्या मंडळीतला एक मुलगा बेंगळुरूला रात्रपाळीत काम करतो, त्याला रविवारी देऊळ गाठणं जमत नाही. दर शनिवारी रात्री साडेनऊला, तो कामावर निघायच्या आधी, मी फोन करतो आणि विचारतो, काय रे, कसं चाललंय, जागा आहेस ना? कधी तो मोकळेपणानं बोलतो, कधी घाईत "हो काका" म्हणून ठेवतो.

गेल्या शनिवारी फोन उचलल्या उचलल्या त्यानंच आधी विचारलं, "काका, तुमचं कसं चाललंय?"

मला उत्तर द्यायला जरा वेळ लागला. तो थांबला.