आठशे म्हणजे नक्की किती?

पुण्याच्या तपकीर गल्लीत माउस घ्यायला गेलं की दुकानदार किंमत हळू आवाजात सांगतो आणि डीपीआय, म्हणजे एक इंच सरकताना माउस किती पावलं मोजतो तो आकडा, मोठ्यानं. "हा बारा हजारचा, हा सोळा हजारचा, गेमिंगला एक नंबर!" ऐकणाराही मान डोलावतो. मग सोळा हजारचं काय करायचं? माउस एक इंच सरकला की त्यानं सोळा हजार पावलं कळवायची. म्हणजे १९२० पिक्सेल रुंद पडद्यावर बाण या कडेपासून त्या कडेला जायला हात फक्त तीन मिलिमीटर हलायला हवा. शिंक आली तरी बाण कोपऱ्यात! म्हणूनच गेम खेळणारी बहुतेक मुलं ४०० ते १६०० च्या आत-बाहेर असतात आणि खोक्यावरचा मोठा आकडा खोक्यावरच राहतो.

आमच्या भाच्याची तक्रार वेगळी होती. जुना माउस आठशेवर, नवा माउसही आठशेवर. "पण मामा, नवा पळतो. नेम डोक्यावर धरला की बाजूनं जातो." ताईचं निदान तयार होतं: "झोप पुरी कर." मला मात्र पोराचं पटलं. माउसच्या पोटातला सेन्सर टेबलाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो, आधीच्या फोटोशी ताडून किती सरकलो ते ठरवतो. भिंग, पृष्ठभाग, खालच्या पट्ट्यांची जाडी, सगळ्याचा त्यात थोडा थोडा हात. छापील आकड्यात पाच-सात टक्के इकडेतिकडे व्हायचेच.

मोजायला फार काही लागत नाही. आधी विंडोजमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद करायचं. नाव भारदस्त, पण हात वेगात हलला की बाण जास्त पळवायचा, हा त्याचा उद्योग. ते चालू असताना मोजमापाला अर्थ नाही. मग विंडोजमधल्या माउस सेटिंगच्या जुन्या खिडकीतल्या अकरा खाचांपैकी मधल्या, सहाव्या खाचेवर वेग ठेवायचा. तिथे एका पावलाला एक पिक्सेल, चोख व्यवहार.

टेबलावर जाड शब्दकोश आडवा ठेवला, त्याला लागून स्टीलची पट्टी. बाण डाव्या कडेला टेकवला आणि शब्दकोशाला घासत माउस उजवीकडे ढकलला, मनगट न वळवता. बाण दुसऱ्या कडेला टेकला त्या क्षणी थांबायचं. इथेच गंमत आहे: हात थांबत नाही, अर्धा मिलिमीटर पुढे जातोच, आणि त्या अर्ध्या मिलिमीटरला सहा-सात डीपीआयचा फरक पडतो. म्हणून पुन्हा पुन्हा ढकलून सरासरी काढायची. आठशे खरे असते तर १९२० पिक्सेलच्या पडद्याला ६१ मिलिमीटर यायला हवे होते. नव्या माउसला ५८ आले, म्हणजे ८४०. जुन्याला साडेबासष्ट, म्हणजे ७८०. एक वर, एक खाली, आणि दोघांच्याही अंगावर तोच आठशेचा बिल्ला!

उपाय एका भागाकाराचा. ७८० भागिले ८४०, म्हणजे ०.९३. गेममध्ये सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउसच्या पावलांना गेम ज्यानं गुणतो तो आकडा, १ होती, ती ०.९३ केली. विंडोजच्या खाचेला हात लावायची गरज नव्हती, कारण बरेच गेम तिकडे न बघता माउसची पावलं थेट घेतात.

भाच्यानं दोन डाव खेळून बघितले. ताईला म्हणाला, "बघ, झोपेचा काही संबंध नव्हता." आता मित्रांचे माउसही मोजणार आहे. त्यासाठी पट्टी माझीच घेऊन गेला, अप्पा बळवंत चौकात दोन पावलांवर मिळत असताना.