दार उघडं ठेवून बसायचं

फॉर्मवरची एक ओळ वाचून मला राग आला होता. 'पोलीस पडताळणीचा दाखला जोडावा.' आमच्या चर्चच्या गायनमंडळात मी बारा वर्षं गाते. माझी आजी वाडीतल्या खुरसासमोर, म्हणजे क्रुसासमोर, लादायन ही सामूहिक प्रार्थना म्हणायला पुढे असायची. माझा बाप्तिस्मा, पहिलं कम्युनियन, दृढीकरण, सगळं याच वेदीसमोर झालं. आणि आता शनिवारी दीड तास मुलांबरोबर बसायचं तर पोलिसांकडून कागद आणायचा? मी सिस्टरना तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी वाद घातला नाही. "फादरनी पण दिलाय," एवढंच म्हणाल्या, आणि ओळखीच्या दोन माणसांची शिफारसपत्रंही आणायला सांगितली.

ही जून २०२४ ची गोष्ट. मी वेंगुर्ल्याच्या बाजूला राहते, काजूच्या कारखान्यात हिशेब लिहिते. आमच्या धर्मग्रामात तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी युवासेवा चालते, तिला स्वयंसेवक हवे होते. माझ्या लहानपणी आमच्याकडे असं काही नव्हतं. सिंधुदुर्ग धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा झाला २००५ साली, तेव्हा मी आठवीत होते. त्याआधी तरुणांचा मोठा मेळावा म्हणजे घाटावर, आणि तिथे मुलींना एकटं कोण पाठवणार? मी पंधरा वर्षांची असताना बाबा गेले. त्यांच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, झाली, महिन्याची झाली, वर्षाची झाली. माणसं येत होती, आईशी बोलत होती. मला मात्र त्या वर्षभरात एकाही मोठ्या माणसाने "तुझं काय चाललंय?" असं विचारलं नाही. फॉर्म भरायचं खरं कारण हेच होतं. 'आपणास ही सेवा का करावीशी वाटते?' या प्रश्नाखालच्या दोन ओळींत ते मावेना, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं.

दाखला मिळाला, पत्रं मिळाली, फादरांशी बोलणं झालं. मग दोन दिवसांचं प्रशिक्षण. मला वाटलं होतं प्रार्थना, गाणी, खेळ शिकवतील. ते होतंच, पण पहिला अख्खा दिवस गेला मुलांच्या सुरक्षिततेवर. खोलीत दोन मोठी माणसं हवीत. एखाद्या मुलाशी वेगळं बोलायचं झालं तर जिथून सगळ्यांना दिसेल तिथे, दार उघडं ठेवून बसायचं. अठराच्या आतल्या मुलांना खासगी मेसेज करायचा नाही, जे असेल ते पालकांसह असलेल्या ग्रुपवर. फोटो काढायचा तर विचारून. २०१२ चा पॉक्सो कायदा पहिल्यांदाच कोणीतरी मला नीट समजावून सांगितला. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल त्याने ते पोलिसांना कळवलंच पाहिजे, हे कलम १९. न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा, कलम २१. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आम्हाला वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायला लावला.

दुपारी सिस्टर समोर बसल्या आणि पंधरा वर्षांची मुलगी झाल्या. खाली मान घालून म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगायचंय, पण कुणाला सांगणार नाही ना?" आम्ही एकेक जण जाऊन उत्तर द्यायचं. सगळेच म्हणाले, "नाही सांगणार, तू बोल." सगळेच चुकले. असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नसतं, आणि मुलाने आपलं गुपित त्या वचनावर टेकवलेलं असतं. काय म्हणायचं ते आम्ही मोठ्याने पाच-सहा वेळा घोकलं. मला ते फार कोरडं वाटलं. त्याच दिवशी संध्याकाळी डॉन बॉस्कोंविषयी ऐकलं. रस्त्यावरच्या, कारखान्यातल्या पोरांसाठी आयुष्य वेचणाऱ्या या धर्मगुरूंनी १८८४ साली रोमहून आपल्या सहकाऱ्यांना पत्र लिहिलं होतं. मुलांवर प्रेम करणं पुरेसं नाही, ते प्रेम मुलांना जाणवलंही पाहिजे, असा त्याचा आशय. हे मला पटलं, लगेच. सकाळची नियमांची वही आणि संध्याकाळचं हे पत्र मला दोन वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखं वाटलं.

पहिले सहा महिने मी मदतनीस होते. शनिवारी साडेपाच, चर्चचा हॉल. मी घरून तयारी करून जायचे, चार प्रश्न, एक बायबलचा उतारा, एक खेळ. मुलं गप्प. मुली नखं बघत बसायच्या, मुलगे एकमेकांना कोपराने ढोसायचे. एकदा हॉल झाडायचा राहिला होता म्हणून मी पाचलाच गेले. हातात केरसुणी होती, डोकं खाली होतं, आणि लवकर आलेल्या दोन मुली आपणहून बोलायला लागल्या. एकीच्या मोठ्या बहिणीला गोव्यात हॉटेलात नोकरी लागलीय आणि ती जाणार म्हणून घरात रडारड चाललीय, असं काहीतरी. तेव्हापासून मी पाचलाच जाते. हॉल स्वच्छ असला तरी झाडते. समोर बसवून "बोल" म्हटलं की या वयाची मुलं मिटतात. हात कशाततरी गुंतलेले असले की त्यांच्या गजाली सुरू होतात. खुर्च्या लावताना, नाताळच्या नक्षत्राला कागद चिकटवताना, फुटबॉल झाल्यावर पायाची वाळू धुताना.

फुटबॉल किनाऱ्यावर, सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी. तो सगळ्यांसाठी खुला. बंदरावरच्या वाडीतली हिंदू मुलं येतात, दोन मुसलमान मुलं येतात. त्यावरून एक दिवस आमच्या गोलकीपरचा काका हॉलच्या दारात उभा राहिला. "पोरांका बाटवूक बोलवतास काय?" असं सरळ विचारलं. मला वाईट वाटलं, पण घरच्या माणसाचा तो हक्काचा प्रश्न होता. मी त्याला रजिस्टर दाखवलं. प्रत्येक मुलामागे पालकांची सही, कशासाठी येणार तेही लिहिलेलं: खेळ, अभ्यास की प्रार्थना. प्रार्थना सगळ्यात शेवटी असते, ती फक्त आमच्या चर्चच्या मुलांची. बाकीची मुलं त्याआधीच घरी जातात आणि त्यांना कुठलंही धार्मिक पुस्तक दिलं जात नाही. "बसा ना, बघा," म्हटलं. तो मागच्या बाकावर बसला. पुढच्या शनिवारीही आला. माझी श्रद्धा माझ्यासाठी श्वासासारखी आहे आणि ती मी लपवत नाही. पण दुसऱ्याच्या मुलाला खेळाच्या आडून ती देणं ही चोरी झाली असती.

याच गोलकीपरचा दहावीचा निकाल लागला १३ मे २०२५ ला. कोकण विभाग दरवर्षीसारखा राज्यात पहिला, ९८.८२ टक्के. पेपरात आपल्या विभागाचं कौतुक वाचून सगळा गाव खूश. पण शंभरातला जो एखादा राहतो त्याचं काय होतं, ते मी त्या आठवड्यात पाहिलं. नापासांचे घोळके असतात तिथे निदान सोबत असते, इथे तो एकटा होता. गणित आणि विज्ञान. खेळायला येईना, हाक मारली तर गल्ली बदले. १ जूनला मासेमारी बंदी सुरू झाली, काकाचा ट्रॉलर दोन महिने बंदरात, म्हणून काकाच त्याला कानाला धरून घेऊन आला. हिशेब हे माझं रोजचंच काम, म्हणून गणित मी घेतलं. चर्चच्या पडवीत, रोज संध्याकाळी सात ते आठ, काका समोर जाळं विणत बसलेला. जूनअखेरच्या पुरवणी परीक्षेत गणित सुटलं. विज्ञान राहिलंय, त्याची तयारी चालू आहे.

आता जे लिहिणार आहे त्यातले तपशील मी बदलले आहेत. अशा मुलीची ओळख उघड करायला कायद्यानेच मनाई आहे, आणि मलाही ती करायची नाही.

पावसाळ्यातला शनिवार. मुलं गेली होती, सिस्टर टोकाला रजिस्टर लिहीत होत्या, मी खुर्च्या एकावर एक रचत होते. एक मुलगी मागे राहिली. चार खुर्च्या तिने रचल्या, पाचवी हातात धरून म्हणाली, "ताई, तुका एक सांगूचा हा. पण कोणाक सांगू नको हां."

माझ्या तोंडावर "नाही सांगणार" आलं होतं. अगदी ओठांवर. ते गिळून मी म्हटलं, "तुका कोण त्रास देत असात तर माका गप रवाक येवचा नाय. पण तुका सांगल्याशिवाय मी कोणाकडे जावचंय नाय." ती बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर पन्हळीचं पाणी धो धो पडत होतं. मला वाटलं, गेली ही, आता उठून जाणार. मग तिने फोन काढून माझ्यापुढे धरला.

ती ज्याच्याकडे शिकवणीला जायची त्या माणसाचे मेसेज होते. रात्रीचे. दोन वाचून मी फोन परत दिला आणि काहीही पुसू नकोस म्हणून सांगितलं. माझ्या फोनवर काही घेतलं नाही, तेही शिकवलेलंच होतं. सिस्टरना बोलावलं. तिला विचारून त्याच संध्याकाळी आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. तिच्या आईचा पहिला प्रश्न होता, "लोकांक कळला तर?" दुसरा प्रश्न तिने मुलीला विचारला, तिला जवळ ओढून: "माका कित्याक नाय सांगलंस?" दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार झाली. जबाब घ्यायला महिला अधिकारी घरी आल्या, गणवेश न घालता, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. कायद्यात तसंच आहे, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना. शेजाऱ्यांना पाहुणी वाटली. त्या मुलीच्या शेजारी जमिनीवर बसल्या होत्या.

ती मात्र माझ्यावर रागावली. जाताना मी तिच्या खांद्याला हात लावायला गेले तर मागे सरली. "माका वाटलेला तू माझ्या बाजूची हस." तेव्हापासून तिने शनिवारी येणं सोडलं.

ते आठवडे मला फार जड गेले. आपण बरोबर केलं हे डोक्याला ठाऊक होतं, पण पोटात खड्डा पडल्यासारखं व्हायचं. एका रात्री साडेदहाच्या सुमाराला मी फोन हातात घेतला. तिचा नंबर ग्रुपमुळे होताच. 'तू बरी आहेस ना?' एवढंच लिहिलं. पाठवायला बोट नेलं आणि थांबले. त्या माणसाचा पहिला मेसेज हाच होता. हेच शब्द, साधारण हीच वेळ. माझं मन स्वच्छ होतं हे मला माहीत होतं, पण फोनच्या पडद्यावर ते तिला कुठून दिसणार? मी अक्षरं पुसली. खूप रडले. फॉर्मवरच्या त्या ओळीचा मला राग आला होता, तेही त्या रात्री आठवलं. सकाळी मी तिच्या आईला फोन केला आणि मग दर रविवारी मिस्सेनंतर आईलाच विचारत राहिले. सिस्टर हजेरीत तिच्या नावासमोर फुली मारत नसत, रकाना मोकळा ठेवत.

७ सप्टेंबरला हॉलमध्ये पडदा लावला. दुपारी रोममधून थेट प्रक्षेपण होतं, पोप लिओ चौदावे कार्लो अकुटिसला संत घोषित करणार होते. २००६ साली, पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेलेला इटालियन मुलगा. असिसीला तो जीन्स आणि स्पोर्ट्स शूजमध्ये चिरविश्रांती घेतो आहे, हे ऐकून मुलांचे डोळे मोठे झाले. तो असता तर माझ्याहून वर्षाने मोठा असता, हे सांगितल्यावर तर कोणाचा विश्वास बसेना. मुलं खूप प्रश्न विचारत होती, आणि मी दर थोड्या वेळाने दाराकडे बघत होते. दार उघडंच होतं. ती आली नाही.

डिसेंबरात गोठ्याची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याची तयारी सुरू झाली. आमच्याकडे गोठ्यात हिरवळ हवी म्हणून नाचणी पेरतात. नाताळच्या दहा-बारा दिवस आधी परातीत माती घालून दाणे टाकायचे, रोज पाणी शिंपडायचं, म्हणजे बोटभर उंच कोवळं गवत तयार होतं. कोणी किती पराती आणायच्या ते मुलांनी आपसात वाटून घेतलं होतं. वीस तारखेला, शनिवारी, मी पाचला हॉल झाडत होते. पायरीवर चपला काढल्याचा आवाज आला. ती होती, दोन्ही हातांत परात, वर ओला फडका. परात तिने भिंतीकडे, खिडकीतलं ऊन येईल अशा जागी ठेवली आणि फडका उचलला. नाचणी छान दाट उगवली होती.

"रोज पाणी मार हां," ती म्हणाली. "नायतर सुकतली."

मी हो म्हटलं. मग तिने कोपऱ्यातली दुसरी केरसुणी घेतली आणि पलीकडच्या टोकापासून झाडायला लागली.