वेस जॉन्सन: मेजर लीग सोडून कॉलेजात परत गेलेला कोच

जून 2022 मध्ये मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमधले मिनेसोटा ट्विन्स आपल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे गटात, पहिल्या नंबरवर होते आणि ऐन सीझनमध्ये त्यांचा पिचिंग कोच, म्हणजे बॉल फेकणाऱ्या पिचर्सना तयार करणारा वेस जॉन्सन, नोकरी सोडून निघाला. कुठे, तर कॉलेजात. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे एलएसयू, तिथला पिचिंग कोच म्हणून. आमच्या ऑफिसातल्या बेसबॉलवाल्या मंडळींचं म्हणणं एकच होतं, वरून खाली कोण जातं? मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आज तर अजिबात पटत नाही. वेस जॉन्सन खाली गेलाच नाही, पिचिंग कोचला स्वतःच्या हाताने पिचर घडवायला जिथे सगळ्यात जास्त मिळतं तिथे तो गेला.

त्याचं करिअर बघा म्हणजे कळेल. आर्कान्सा राज्यातला माणूस, प्रोफेशनल बेसबॉल एक दिवससुद्धा खेळलेला नाही. सुरुवात शाळेच्या पोरांना शिकवण्यापासून, मग कॉलेजं, सेंट्रल आर्कान्सा, डॅलस बॅप्टिस्ट, 2016 ला मिसिसिपी स्टेट, मग दोन वर्षं आर्कान्सा युनिव्हर्सिटी. डॅलस बॅप्टिस्ट हे काही फार मोठं नाव नाही, पण तिथल्या पिचर्सचा स्पीड वाढायला लागला आणि लोक विचारायला लागले की हा नक्की करतो काय. 2018 ला आर्कान्साची टीम कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, फायनलला पोचली आणि त्याच वर्षाच्या शेवटी ट्विन्सनी त्याला थेट मेजर लीगचा पिचिंग कोच करून टाकलं, मधे मायनर लीग (मेजर लीगच्या खालच्या लीग) वगैरे काही नाही. असं त्या धंद्यात सहसा होत नाही. पुढच्याच सीझनला, 2019 ला, ट्विन्सनी 101 मॅचेस जिंकल्या.

आता तो करतो काय ते सांगतो कारण मला सगळ्यात जास्त इंटरेस्ट यातच आहे. आपल्याला वाटतं जोरात फेकायचं म्हणजे खांदा आणि दंड, पण तो पायापासून सुरू करतो. मागचा पाय माउंडवर, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर, किती जोराने रेटला जातो, पुढचा पाय पडल्यावर गुडघा ताठ राहतो की आत दबतो, मग कंबर आधी फिरते का, छाती मागाहून येते का, आणि हात सगळ्यात शेवटी. आसुडाचा फटका टोकाला बसतो पण जोर मुठीतून निघतो, तसंच. जमिनीवर किती बल पडतंय ते मोजणाऱ्या फोर्स प्लेट्स, हायस्पीड कॅमेरा, बॉल किती आणि कसा फिरतोय ते सांगणारा रडार, हे सगळं तो वापरतो. क्रिकेटवाल्यांना हे लगेच कळेल, फास्ट बॉलरचा पुढचा पाय वाकला की स्पीड जातो हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय.

आणि कॉलेजात एक गोष्ट वेगळी असते, तिथे बहुतेक ठिकाणी प्रत्येक बॉल कोणता टाकायचा ते कोच सांगतो. मेजर लीगमध्ये ते सहसा पिचर आणि कॅचर (बॅटरच्या मागे बसणारा, आपल्या विकेटकीपरसारखा) आपापसात ठरवतात. आम्ही अटलांटाजवळ राहतो त्यामुळे अथेन्सला जॉर्जिया युनिव्हर्सिटीच्या मॅचेस बघायला जातो, तेव्हा मी बॉलपेक्षा डगआऊटकडेच, म्हणजे कोच आणि खेळाडू बसतात तिकडेच, जास्त बघत असते. कोचच्या हातात छोटं कीपॅड असतं, तो बटणं दाबतो, कॅचर मनगटावर किंवा कानातल्या यंत्रावर ते घेतो, उकिडवा बसतो, ग्लोव्ह आतल्या बाजूला सरकवतो आणि पुढच्या काही सेकंदांत स्लायडर, म्हणजे बाजूला वळणारा बॉल, येतो. म्हणजे एकोणीस-वीस वर्षांच्या पोराच्या प्रत्येक निर्णयात कोच सोबत असतो, चुकला तर दोघं चुकले. शिवाय पोरं शोधून आणायची, त्यांच्या आईवडिलांशी बोलायचं, हेही त्यालाच बघावं लागतं. मेजर लीगमध्ये हे नाही, तिथे घडलेला माणूस येतो. आणि तिकडे वर्षाला 162 मॅचेस, अर्धा वेळ विमानात आणि हॉटेलात, कॉलेजात रेग्युलर सीझन 56 चा. घरदार असलेल्या माणसाला हा फरक फार मोठा आहे, हे कुणी बोलतच नाही.

तर 2022 च्या उन्हाळ्यात तो एलएसयूला आला आणि त्याच उन्हाळ्यात एअर फोर्स अकॅडमीमधून पॉल स्कीन्स नावाचा मुलगाही आला, जो तोवर पिचिंगसोबत कॅचर म्हणूनही खेळायचा आणि बॅटिंगही करायचा. एलएसयूत तो फक्त पिचर झाला. 2023 च्या सीझनमध्ये 209 स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकमध्ये बॅटर बाद), बॉल शंभर मैलांच्या वर, म्हणजे शोएब अख्तरचा जो 161.3 किलोमीटरचा बॉल आपण अजून सांगत असतो त्या रेंजमध्ये, आणि हा मॅचमध्ये पुन्हा पुन्हा तिथे जायचा. नंतर मेजर लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरवर पिट्सबर्गने घेतला, 2024 ला नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) रुकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवा खेळाडू.

पण मला कोच म्हणून जॉन्सनचं कौतुक स्कीन्सपेक्षा बाकीच्यांमुळे जास्त वाटतं. 2023 ला ओमाहाला, कॉलेज वर्ल्ड सिरीज होते तिथे, वेक फॉरेस्टविरुद्ध स्कीन्सने 8 इनिंग (नेहमीच्या मॅचला 9 असतात) एकही रन दिला नाही, एलएसयू 11 व्या इनिंगला 2-0 जिंकली, पण त्यामुळे फ्लोरिडाविरुद्धच्या तीन मॅचेसच्या फायनलला त्याचा हात थकलेला. पहिल्या मॅचला एलएसयूचाच दुसरा पिचर टाय फ्लॉइड उतरला आणि 8 इनिंगमध्ये 17 स्ट्राइकआऊट घेऊन गेला! दुसरी मॅच 24-4 ने हरले, इतका मार मी क्वचित पाहिलाय. तिसऱ्या मॅचला थकलेल्या स्कीन्सलाच मैदानात उतरवतात की काय म्हणून मी धास्तावले होते, कारण जिंकायच्या नादात कॉलेजची पोरं हात मोडून घेतात हे या खेळातलं जुनं दुखणं आहे. नाही उतरवलं. त्याच्याऐवजी थॅचर हर्ड आला, सुरुवातीलाच 2 रन दिले आणि मग 6 इनिंग संपेपर्यंत फ्लोरिडाला काही करू दिलं नाही. एलएसयू 18-4 ने जिंकली.

हे सगळं चालू असताना जॉन्सनची जॉर्जियाचा हेड कोच म्हणून निवड आधीच जाहीर झाली होती, तरी तो एलएसयूच्या पोरांसोबत शेवटच्या मॅचपर्यंत थांबला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. 2024 ला, पहिल्याच वर्षी, जॉर्जिया सुपर रीजनलपर्यंत, म्हणजे कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीपर्यंत, गेली.

अटलांटाच्या आसपास कोणी मराठी मंडळी असाल तर फेब्रुवारीत सीझन सुरू झाला की अथेन्सला एकदा जाऊन या. मॅचच्या अर्धा तास आधी पोचा आणि बुलपेन, म्हणजे पिचर्सची सरावाची जागा, दिसेल अशा ठिकाणी उभे राहा, पोरं वॉर्मअप करत असतात, आणि बॉल सोडा, त्यांचा पुढचा पाय कसा पडतो ते बघा.