ऑक्टेव्हिया आरएसचं पायपिंग: आधी वॉल्व्हची जागा, मग पाइप

पहिल्या पिढीच्या ऑक्टेव्हिया आरएसमध्ये १.८ लिटरचं टर्बो इंजिन आहे. तिचा मूळ इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबून तापलेली हवा गार करणारा भाग, बंपरच्या कोपऱ्यात, चाकाच्या पुढे बसतो आणि फारच छोटा आहे. एप्रिलच्या उन्हात मुंबईहून येताना कसारा घाट चढायला लागलं की आत जाणारी हवा तापते, इसीयू (इंजिनचा संगणक) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि गाडी मरगळते. म्हणून समोर रेडिएटरपुढे बसणारा मोठा इंटरकूलर घ्यायचं ठरवलं. त्याचा कोअर, म्हणजे आतली जाळी, मुद्दाम पातळ निवडला. नाशिकच्या उन्हाळ्यात एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर दोघांनाही त्याच्यामागून वारा मिळायला हवा.

इंटरकूलर मिळाला. खरा प्रश्न होता टर्बोपासून तिथवर आणि तिथून थ्रॉटलपर्यंतच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेपर्यंतच्या) पाइपांचा, आणि थ्रॉटल बंद होताच दाबलेली हवा आवाज करत सोडणारा ब्लो-ऑफ वॉल्व्ह त्यात कुठे बसवायचा याचा. मित्रमंडळी एकच विचारत होती, "आवाज येणार ना?" माझ्या मते तो विचार शेवटी करायचा. आधी इंजिन हवा कुठे मोजतं ते बघायचं.

या गाडीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर एअर फिल्टरच्या लगेच पुढे, म्हणजे टर्बोच्याही आधी आहे. गिअर बदलताना थ्रॉटल बंद होतो, पण मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणारा टर्बोचा कंप्रेसर काही लगेच थांबत नाही. दाबलेली हवा बंद थ्रॉटलवर आदळून उलटी फिरते. त्याच वेळी थ्रॉटलपुढच्या, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, त्याने वॉल्व्ह उघडतो आणि ती हवा बाहेर पडते. आता ती मोकळ्यावर सोडली, तर मोजलेली हवा गाडीतून निघून जाते, पण इसीयूने तिच्या हिशोबाचं पेट्रोल सोडलेलं असतं. क्षणभर मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं, गाडी गचका देते, एक्झॉस्टला काळा धूर दिसतो आणि हे रोज झालं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला त्रास. ज्या गाड्या फक्त मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज घेतात, तिथे हा प्रश्न येत नाही. माझ्या गाडीत येतो. म्हणून वॉल्व्ह परतीचाच ठेवला. हवा एमएएफ आणि टर्बोच्या मध्ये परत जाते. कंपनीच्या इनलेट पाइपला परतीचं २५ मिमीचं तोंड आहेच, तेच वापरलं.

मग वॉल्व्हची नेमकी जागा. टर्बोजवळ, गरम बाजूला बसवला तर परतीची होज आखूड राहते, पण वॉल्व्हच्या डायफ्रामला (आतल्या पातळ पडद्याला) सतत तापलेली हवा झेलावी लागते. इंटरकूलरनंतर, थ्रॉटलच्या अलीकडे बसवला तर हवा जिथे आदळते तिथेच तिला वाट मिळते आणि वॉल्व्हही थंड राहतो. मी थंड बाजू घेतली. बेंडवर नाही, सरळ तुकड्यावर, वॉल्व्ह पाइपच्या वरच्या अंगाला, म्हणजे टर्बोतून येणारं थोडंफार तेल त्यात साचत नाही. परतीची होज लांब झाली, ते मान्य. व्हॅक्यूमची सिग्नल होज मात्र थेट मॅनिफोल्डवरून, आखूड आणि स्वतंत्र घेतली. इतर कशातही टी जोडून घेतली की वॉल्व्ह उशिरा उघडायची शक्यता वाढते.

पाइप गरम बाजूला दोन इंची, थंड बाजूला अडीच इंची. अडीच इंचीचं क्षेत्रफळ दोन इंचीच्या दीडपटीहून थोडं जास्तच भरतं, आणि या छोट्या टर्बोला तेवढं पुष्कळ आहे. तीन इंची पाइप दिसायला भारी दिसतात, पण पोटात जास्त हवा भरायला वेळ जातो आणि बॉनेटखाली जागाही उरत नाही.

धातू कापण्याआधी सगळा मार्ग प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइप आणि एल्बोंनी जुळवून पाहिला. वॉल्व्हच्या डोक्यावर शाडूचा गोळा ठेवून बॉनेट बंद केलं, तो किती दबला त्यावरून अंतर कळलं. इंजिन माउंटवर हलतं हेही लक्षात ठेवावं लागतं. हँडब्रेक ओढून हलकासा क्लच सोडायला मुलाला बसवलं आणि पाइप कुठे घासायला जातोय ते पाहिलं. दोन्ही टोकांना सिलिकॉन होज हव्यातच, सलग धातूचा पाइप तडकतो.

कामासाठी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतलं एक वर्कशॉप शोधलं. तिथे डेअरी आणि वायनरीसाठी स्टेनलेस पाइपलाइनी बनतात. याचा फायदा असा, की ५१ आणि ६३.५ मिमीचे ३०४ ग्रेडचे गुळगुळीत बेंड त्यांच्याकडे तयारच असतात. अ‍ॅल्युमिनियम हलकं, हे खरं, पण हे लोक आर्गन वेल्डिंग करताना पाइपच्या आतूनही आर्गन सोडतात, त्यामुळे आतला सांधा काळा पडून खडबडीत होत नाही. तिथले काका म्हणाले, "किती प्रेशर?" एक बारच्या आसपास, म्हटलं. "मग भिंतीची काळजी सोडा, सांध्याची करा." टोकांना कडा उठवून घेतल्या, नाहीतर बूस्टवर, म्हणजे टर्बोचा दाब आला की, होज सटकते. बसवण्याआधी प्रत्येक तुकडा आतून धुऊन, फडका फिरवून घेतला.

सर्वांत महत्त्वाचं काम गाडी चालू करण्याआधीचं. टायरचा वॉल्व्ह बसवलेली पीव्हीसी कॅप इनलेटला लावली, क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर नेणारी नळी) बंद केला, हवा भरायच्या कंप्रेसरने एक बार दाब दिला आणि साबणाचं पाणी शिंपडलं. वॉल्व्हच्या फ्लँजखालच्या वेल्डला बुडबुडे आले. सुईच्या टोकाएवढं भोक होतं. ते परत भरून घेतलं. एमएएफच्या गाडीत अशी गळती म्हणजे मोजून घेतलेली हवा वाया जाणं, आणि ती गाडी चालवून सापडत नाही.

स्कॅनरवर ब्लॉक ०३२ मध्ये फ्युएल अ‍ॅडॅप्टेशन, म्हणजे इसीयू पेट्रोलच्या हिशोबात किती दुरुस्ती करतोय ते, पाहिलं. आयडलला आणि पार्शल लोडला (अर्ध्यामुर्ध्या थ्रॉटलवर) दोन्ही आकडे शून्याच्या जवळ आहेत. घाटात गिअर बदलताना गचका नाही, धूर नाही, आणि आवाज म्हणाल तर खिडकी उघडी असली तरच हलकासा ऐकू येतो. दोन-चार वेळा तापून थंड झाल्यावर सगळे टी-बोल्ट क्लॅम्प पुन्हा आवळले. गाडीत बदल करण्यावर बंधन घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ इंटरकूलर आणि पाइप घरी जपून ठेवलेत. उद्या मूळ स्थितीत आणायची वेळ आली तर एकाही ब्रॅकेटला हात लावावा लागणार नाही, कारण गाडीच्या बॉडीवर नवीन भोक कुठेच पाडलेलं नाही.