दोनदा मिटणारे ओठ

पडद्यावर अस्वलाचं पिल्लू पावसात उभं आहे. त्याचे आजोबा पाठ फिरवून निघालेत. कॅमेरा पिल्लाच्या इतका जवळ जातो की खालच्या ओठावर अडकलेला पावसाचा थेंबही दिसतो. पिल्लू ओरडतं, "ग्रँपा, कम बॅक!" सगळा मिळून दीड-एक सेकंदाचा शॉट. त्या दीड सेकंदासाठी आमचा जुलैमधला अख्खा शनिवार गेला.

मी डबिंगमध्ये आहे. संवाद लिहिते आणि रेकॉर्डिंगचं दिग्दर्शनही करते. हा एक परदेशी संगणकीय अ‍ॅनिमेशनपट होता, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा असा, विनोदी. करारामुळे त्याचं नाव मला सांगता येत नाही. आम्ही त्याचा मराठी डब करत होतो. हाणामाऱ्या, पळापळ, आजीचे टोमणे, शेजारच्या कोल्ह्याच्या थापा, सगळं चार दिवसांत मस्त जमून आलं होतं. उरला होता तो हा पावसातला प्रसंग.

नातवाचा आवाज द्यायला नऊ वर्षांचा मुलगा होता. डोंबिवलीहून आईबरोबर यायचा, पाठीला शाळेचं दप्तर. त्या दिवशी गाड्या रखडलेल्या, त्यामुळे दोघंही भिजून पोहोचले. आधी अंग पुसलं, गरम दूध दिलं, मग काम. लहान मुलांना दिवसात ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम करायला लावायचं नाही, असा कायदा आहे. मी तो घड्याळ लावून पाळते. पोराचा घसा एकदा बसला की तो आठवडाभर बसतो, आणि कंटाळलेलं मूल तर माइकला लगेच कळतं.

सकाळचं काम पळापळीचं होतं. धापा टाकत बोलायचे सात-आठ संवाद. उभ्या उभ्या खोटी धाप लागत नाही, ती नाटकी वाटते. अशा वेळी मला 'द इन्क्रेडिबल्स' आठवतो. २००४ सालचा हा चित्रपट ब्रॅड बर्डचा. त्यात वेगानं पळणाऱ्या मुलाला स्पेन्सर फॉक्स या लहान मुलाचा आवाज होता. दम लागलेला आवाज खरा यावा म्हणून बर्डनं त्याला स्टुडिओत चक्क फेऱ्या मारायला लावल्या होत्या. आमच्याकडे तेवढी जागा कुठली! आम्ही जिने वापरले. दोन मजले खाली, दोन मजले वर आणि थेट माइकसमोर. पोरगं इतकं खूश झालं की संवाद झाल्यावरही "अजून एकदा जाऊ?" विचारत होतं. सात संवाद वीस मिनिटांत उरकले.

मग पाऊस आला. पडद्यावरचा.

मी लिहिलेली ओळ होती: "आजोबा, परत या!" भाषांतर म्हणून चोख. क्लायंटकडून भाषेच्या बाजूनं मंजूरही झालेली. पोरानं ती एकदा म्हटली, दहादा म्हटली. कानाला बरी लागायची, पण चित्रावर ठेवली की पिल्लू वेगळंच काही बोलतंय आणि आवाज भलतीकडून येतोय असं वाटायचं.

याचं कारण ओठांत असतं. प, फ, ब, भ, म. शाळेत ज्यांना आपण ओष्ठ्य म्हणून शिकतो ती अक्षरं. ओठ मिटल्याशिवाय ती उच्चारताच येत नाहीत. लांबच्या शॉटमध्ये प्रेक्षक सोडून देतो. क्लोजअपमध्ये सोडत नाही. चार वर्षांच्या मुलालाही काहीतरी चुकलंय हे कळतं, फक्त त्याला ते सांगता येत नाही. मूळ ओळीत चार अक्षरांचा ठेका आहे (अक्षरं बोलण्यातली मोजायची, लिहिण्यातली नाही; 'रत' किंवा 'थांब' एका दमात येतं, म्हणून एकच) आणि ओठ दोनदा मिटतात. एकदा 'ग्रँपा'मधल्या 'पा'ला, एकदा 'कम बॅक'च्या मध्यावर. माझ्या ओळीत सहा अक्षरं. 'आजोबा'चा 'बा' उशिरा येतो आणि पाठोपाठ लगेच 'परत'चा 'प'. पडद्यावर पिल्लाचं तोंड 'क'साठी उघडं, आणि आमचा पोरगा तिथे ओठ मिटतोय. त्यात सेकंदाला २४ फ्रेम. दोन फ्रेम पुढेमागे झालं तर खपतं, सहा फ्रेम खपत नाही.

मी बसल्या बसल्या चार पर्याय लिहिले. "बाबा, नका जाऊ", "आजो, परत चला", असले. एकही बरा नव्हता. आणि खरा त्रास तर वेगळाच होता. ओळ कुठलीही द्या, पोराच्या आवाजात कुणी निघून जात नव्हतं. तो काचेआड एकटा उभा, कानावर हेडफोन, समोर टीव्ही. कानात एक परदेशी मुलगा रडतोय आणि याला त्याच्यासारखं रडायचंय. नक्कल उत्तम करत होता बिचारा. पण ती नक्कलच होती.

काही लोक अशा वेळी मुलाला ओरडतात, म्हणजे मग रडका आवाज येतो. मी ते बघितलंय. मला ते मान्य नाही, माझ्या बूथमध्ये ते कधीच होणार नाही.

अस्वल आजोबांचा आवाज देणारे काका दुपारी दोनला यायचे होते. ते साडेबारालाच आले. पंचाहत्तरी गाठलेला माणूस. उमेदीची वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत आणि आकाशवाणीच्या श्रुतिकांत गेलेली, डबिंगमध्येही फिल्मच्या लूपपासून आहेत. तेव्हा रिळाचा तुकडा खरोखर टोकाला टोक जोडून फिरवायचे. तेच दृश्य गरगर पुन्हा पुन्हा यायचं आणि सगळे कलावंत एकाच माइकभोवती उभे असायचे. एक जण चुकला की सगळ्यांनी पुन्हा. आता प्रत्येक जण वेगळ्या दिवशी येतो, वेगळ्या ट्रॅकवर बोलतो आणि निघून जातो. पडद्यावरचे आजोबा-नातू नव्वद मिनिटं एकमेकांना बिलगलेले. त्यांना आवाज देणारे दोघं मात्र एकमेकांना भेटलेलेच नव्हते!

काका माझ्यामागे बसून तीन-चार टेक ऐकत राहिले. मग म्हणाले, "ताई, तो कुणाला हाक मारतोय?"

"आजोबांना."

"ते कुठायत पण?"

मला उत्तर सुचलं नाही. मूळ चित्रपटात आवाज आधी येतो. कलावंत बोलतात, बोलताना त्यांच्या चेहऱ्याचं चित्रीकरणही होतं आणि मग अ‍ॅनिमेटर त्या आवाजावर चेहरा बेततो. पिल्लाची छाती जिथे हलते, तिथे कुणा मुलानं खरोखर श्वास घेतलेला असतो. 'मॉन्स्टर्स, इंक.'मधल्या छोट्या मुलीचा आवाज मेरी गिब्ज या चिमुरडीचा. ती एका जागी बसायची नाही, म्हणून माइक घेऊन तिच्यामागे फिरले आणि मिळालेल्या तुकड्यांतून बोलणं जुळवलं. त्याच चित्रपटात बिली क्रिस्टल आणि जॉन गुडमन एका खोलीत एकत्र उभे राहून बोलले. एरवी तिकडेही एकेकट्यानंच रेकॉर्डिंग होतं. पण या दोघांनी आवाज दिलेल्या पात्रांच्या मैत्रीवरच चित्रपट उभा, आणि ती समोरासमोरच्या बोलण्यात चांगली उतरली. हे सगळं मी वाचलेलं होतं, नव्या मुलांना सांगतही होते. तरी ते या दोघांसाठी करून बघावं, हे काकांनी विचारेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी रेकॉर्डिस्टला दुसरा माइक लावायला सांगितला. तो कुरकुरला, आणि त्याचं बरोबर होतं. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो, मग मिक्सिंगला डोकेदुखी. तरी त्यानं लावला.

काकांनी चपला दाराबाहेर काढल्या, हातातलं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं आणि आत गेले. पोराच्या उंचीला येईल इतके वाकले. टॉकबॅक, म्हणजे बूथमधलं बोलणं बाहेर ऐकवणारी सोय, चालू होता, म्हणून सगळं ऐकू आलं.

"हे बघ, आपण खेळ खेळू. मी त्या दाराकडे जाणार. तू मला थांबवायचं. हात लावायचा नाही, धावायचं नाही, जागेवरून हलायचं नाही. फक्त आवाजानं. मी खरंच थांबावंसं वाटलं तरच थांबणार. लबाडी नाही करणार."

"आणि नाही थांबलात तर?"

"तर बाहेर जाऊन चहा पिणार."

पोरगं हसलं. मी पडदा बंद करायला सांगितला आणि त्याचा हेडफोनही काढला. काय बोलायचं हे मी सांगितलं नाही. कागद स्टँडवर होताच.

पहिल्यांदा त्यानं कागदावरचं म्हटलं, "आजोबा, परत या!" काका चालत राहिले, दाराला हात लावून परत आले. "नाही थांबलो." दुसऱ्यांदा तो मोठ्यानं ओरडला. काका अर्ध्यावर जरासे घुटमळले आणि पुन्हा चालू लागले. श्रुतिकेत पात्र निघून जातं तेव्हा माइकपासून मागे मागे सरकत बोलायचं असतं, म्हणजे ऐकणाऱ्याला ते लांब गेल्यासारखं वाटतं. काकांची सगळी हयात त्या सरकण्यात गेलेली. ते नुसते चालले तरी जाणं दिसत होतं.

तिसऱ्यांदा ते दारापर्यंत पोहोचले. बूथचं दार जड असतं, त्याचा लोखंडी दांडा खाली ओढावा लागतो. त्यांनी दांडा धरला.

"आबा, थांब ना!"

मोठा नव्हता आवाज. शेवटचा 'ना' तर जवळजवळ श्वासातच विरला. त्याच क्षणी दांडा खट् वाजला आणि काका थांबले. वळलेच नाहीत. पाठमोरे तसेच उभे राहिले. मुलाची आई माझ्या शेजारी बसली होती, तिनं माझा दंड घट्ट धरला.

मग काका वळून म्हणाले, "जिंकलास." पोरानं दोन्ही हात वर करून उडी मारली. मला त्याचं ते हसणं बघूनच बरं वाटलं. रडवून काढलेलं त्यात काही नव्हतं.

रेकॉर्डिस्टनं तो टेक सहज म्हणून चित्राखाली ठेवला. चार फ्रेम पुढे ओढला. पिल्लाचे ओठ मिटले, 'आबा'. पुन्हा मिटले, 'थांब'. आणि 'ना'वर तोंड उघडं राहिलं, तो ओठावरचा थेंब खाली पडेपर्यंत. चार अक्षरं. दोन मिटणं. त्यानं पडद्याकडे पाहिलंही नव्हतं. आम्ही तो शॉट सहा वेळा लावून बघितला, कुणीच काही बोललं नाही.

मी पोराला विचारलं, "आबा कुठून आलं?"

"आमच्या आबांना मी आबाच म्हणतो."

"आणि अरे-तुरे करतोस?"

त्यानं आईकडे बघितलं. आई म्हणाली, "करतो हो. आम्ही सगळे अहो म्हणतो, हा एकटाच. त्यांना तेच आवडतं."

पण ओळ बदलली की पुन्हा मंजुरी लागते. क्लायंटच्या बाजूनं भाषा तपासणाऱ्या बाई फोनवर होत्या. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "सुंदर आहे, पण 'थांबा ना' करा. नातू आजोबांना एकेरी हाक मारतो, हे घराघरांत जाणार आहे." त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पुष्कळ घरांत आजोबा 'अहो'च असतात. पण आजीला आणि आईला 'अगं' म्हणणारी आपली भाषा, तिच्यात एकेरीपणा म्हणजे अनादर असं सरसकट नसतं. कुणाला अरे म्हणायचं हे नातं ठरवतं, आणि या चित्रपटात तर आजोबा नातवाच्या बरोबरीनं मधाची चोरी करतात! शिवाय 'थांबा'चा तो जास्तीचा 'बा'. त्यानं पाचवं अक्षर येतं, आणि शेवटचा 'ना' पिल्लाचं तोंड मिटल्यावर पडतो.

एवढं सगळं बोलून मी म्हटलं, दोन्ही करून पाठवते, तुम्ही चित्रावर बघा. पोरानं "थांबा ना"ही म्हटलं, नीट म्हटलं, काका पुन्हा दारापर्यंत गेले. दोन्ही फाइली गेल्या. पोराचे पाच तास भरायला अजून वेळ होता, पण मी त्याला घरी पाठवलं. जाताना तो काकांच्या पाया पडला आणि म्हणाला, "तुमचा चहा राहिला."

संध्याकाळी सहाला उत्तर आलं. एकच ओळ होती: 'पहिला ठेवा.'

आता प्रश्न राहिला त्या 'खट्'चा. दांड्याचा आवाज 'ना'च्या शेपटाला चिकटलेला. रेकॉर्डिस्टनं तो कापून पाहिला, तर 'ना'चा श्वासही कापला जायचा. वेगवेगळे फिल्टर लावले, आवाज पत्र्यातून आल्यासारखा झाला. पुन्हा मुलाला बोलवा, असं तो म्हणाला नाही आणि मीही म्हटलं नाही. मूळ चित्रपटाचा संगीत आणि इफेक्ट्सचा ट्रॅक वेगळा मिळतो, त्यात पाऊस होता. 'ना'नंतर तो थोडा वर घेतला, आणि दूरवरच्या फांदीचं एक मोडणं चार फ्रेम अलीकडे आणलं. काकांनी धरलेला दांडा त्या फांदीखाली गेला.

काकांचं घड्याळ माझ्याकडेच राहिलं होतं. रात्री नऊला त्यांचा फोन आला, मी म्हटलं उद्या घरी आणून देते. ते म्हणाले, "राहू दे, सोमवारी मी येतोच. त्या पोराला पण सोमवारीच बोलाव. मधाच्या चोरीचा प्रसंग पुन्हा करू, एकत्र."

मधाच्या चोरीचं रेकॉर्डिंग मंगळवारीच झालं होतं, मंजूरही झालं होतं. मी सोमवारची वेळ घेतली.