दशावतारी गंजिफा : ३६ पाने पूर्ण, ८४ बाकी

दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांच्या चिन्हांचे, हाताने रंगवलेले गोल पत्ते; असा एक संच मी करते आहे. गणपती उरकून घर शांत झाल्यावर मत्स्य, कूर्म आणि वराह या तीन अवतारांची पाने पहिल्यांदाच एकत्र मांडून पाहिली. राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, अशी प्रत्येक अवताराची १२ पाने होतात. दहा अवतारांची मिळून १२०.

तळ सावंतवाडीच्या जुन्या रीतीनेच केला आहे. चिंचोके भाजून, सोलून, रात्रभर भिजवून वाटले आणि मंद आचेवर शिजवून त्यांची खळ केली. तिने जुन्या सुती धोतराचे थर एकमेकांवर चिकटवले आणि वाळल्यावर दोन्ही बाजूंना खडूची पूड व खळ यांचा लेप दिला. त्यानंतर वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून आणून गोड्या पाण्यात धुतलेला एक गुळगुळीत गोटा घेऊन प्रत्येक पान घोटले. घोटताना सुरुवातीचा खरखरीत आवाज हळूहळू मऊ होत जातो आणि तो पुरता थांबला की पृष्ठभाग रंगासाठी तयार झाला असे समजावे. बोटाने चाचपण्यापेक्षा ही खूण मला अधिक भरवशाची वाटते.

मत्स्याच्या पहिल्या पानांच्या कडेला मी इराणी गालिच्यांवरची वेलबुट्टी बारकाईने उतरवली होती. एकेकटे पान देखणे दिसत होते. पण बारा पाने हातात पंख्यासारखी धरली, तेव्हा सत्ती कोणती आणि अठ्ठी कोणती हे ओळखेना. गोल पानाला कोपरा नसतो, कोपऱ्यात आकडा नसतो, आणि खेळणाऱ्याला दिसते ती फक्त एक चंद्रकोर. ती सगळी पाने मी बाजूला काढली आणि किनार दोन साध्या रेषांवर आणली.

गंजिफ्याचा स्वतःचा इतिहास तेव्हा मी नव्या नजरेने पाहिला. हा खेळ इराणकडून आला. १५२७ मध्ये बाबराने सिंधमधील शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आठवणींत आहे. मोगली संचात आठ रंगांची ९६ पाने असत आणि त्यांवर ताज, तलवार, नाणी, दस्तऐवज अशी दरबारी चिन्हे असत. दशावतारी संच करणाऱ्यांनी राजा, प्रधान आणि दहा पाने ही मांडणी तशीच ठेवली. दरबार मात्र पूर्ण काढून टाकला आणि तिथे मासा, कासव, शंख आणले. बाहेरून काय उचलावे याचा यापेक्षा चांगला धडा मला दुसरीकडे सापडलेला नाही, आणि माझी वेलबुट्टी का फसली हेही त्यातूनच उमगले.

म्हणून इस्लामी भूमितीकडून नक्षी न घेता कंपासची शिस्त घेतली. वर्तुळाच्या त्रिज्येएवढेच अंतर कंपासमध्ये धरून परिघावर खुणा करत गेले, की सहा समान भाग पडतात. त्यामुळे सत्तीमध्ये एक मासा मध्यभागी आणि सहा भोवती असे आपोआप बसतात. पंजीसाठी पंचकोन काढावा लागतो आणि तो काढताना वेळ जातो. दश्शीवर पाच आतल्या फेरीत, पाच बाहेरच्या फेरीत, आणि बाहेरचे मासे आतल्यांच्या फटींसमोर, ही रचना अखेर जमली. राजाचा डोळा मात्र पिंगुळीच्या चित्रकथी या लोकचित्रांतला आहे: मोठा, टपोरा आणि ठाम रेषेने कोरल्यासारखा.

श्रावणात कूर्माच्या पानांवर लाखेचा हात देण्याची घाई मी केली. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ हात दिला आणि तासाभरात कासवांवर दुधाळ पांढुरका पडदा चढला. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर धरते, त्याचा हा परिणाम. बारा पानांपैकी सात बिघडली होती.

याच सुमारास रत्नागिरीला थिबा राजवाड्यात गेले होते. ब्रह्मदेशच्या या राजाला १८८५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत करून देशाबाहेर नेले, १९१० मध्ये हा राजवाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये रत्नागिरीतच त्याचे निधन झाले. अर्धगोल लाकडी खिडक्यांची रेखाटने घेऊन परतले आणि त्या ओढीने ब्रह्मदेशच्या लाखकामाविषयी वाचू लागले. बगानचे कारागीर वापरतात तो झाडाचा चीक असतो. तो दमट हवेतच नीट घट्ट होतो, म्हणून ते भांडी तळघरात ठेवतात. उरुशी या जपानी लाखेचेही तसेच आहे. आपली लाख किड्यापासून मिळते आणि तिला कोरडी हवा हवी. आमचा पावसाळा बगानच्या कारागिराला वरदान वाटला असता, हे वाचून मी बराच वेळ त्या सात पानांकडे पाहत बसले.

पुढे एका कोरड्या दुपारी स्पिरिटमध्ये किंचित ओलावलेला फडका हलक्या हाताने फिरवल्यावर पडदा उतरला आणि सातपैकी सहा पाने वाचली. कूर्माची नव्वी नव्याने रंगवावी लागली.

आता नरसिंह हाती घेतला आहे. त्याचे चिन्ह चक्र असल्याने दश्शीवर गोलात गोल असे दहा गोल येणार आहेत, आणि आऱ्या बारा ठेवल्या तर एवढ्या लहान आकारात त्या एकमेकींत मिसळतात. आठ ठेवून एक पान करून पाहत आहे. लाखेचा हात दिवाळीनंतर वारा कोरडा झाला की चारही अवतारांना एकदम देईन.