संस्था वजा केली तर बहाई धर्मात काय उरतं?

पुण्यात अध्यात्माची बरीच दारं ठोठावून झालेला एक वर्ग आहे. विपश्यनेचे दहा दिवस झालेत, ज्ञानेश्वरीचं पारायण झालंय, कोरेगाव पार्कातही डोकावून झालंय. साधना पटते, पण संस्था म्हटली की कपाळावर आठी पडते. एकोणिसाव्या शतकात इराणमधून निघालेल्या बहाई धर्माबद्दल वाचताना अशा माणसाला ‘रिफॉर्म बहाई’, म्हणजे धर्म मानणारा पण त्याची अधिकृत संस्था नाकारणारा सुधारक पंथ, हा शब्द सापडला की वाटतं, मुक्काम मिळाला. पुरोहित मुळात नाहीतच, आता वरची समितीही नको! पण या सुधारकांचं मुख्य प्रवाहाशी भांडण कशावरून आहे ते आधी बघायला हवं.

ते आहे एका मृत्युपत्रावरून. धर्मसंस्थापक बहाउल्ला यांचे पुत्र आणि वारस अब्दुल बहा २८ नोव्हेंबर १९२१ ला (आजच्या इस्रायलमधल्या) हैफात वारले. त्यांच्या तीन भागांच्या मृत्युपत्रात नातू शोगी एफेंदी यांना धर्माचे पालक, म्हणजे प्रमुख, नेमलं होतं. शोगी तेव्हा ऑक्सफर्डला शिकत होते. अमेरिकेतल्या बहाई अनुयायी रूथ व्हाइट यांना हा कागद बनावट वाटला आणि १९३० मध्ये त्यांनी आइन्सवर्थ मिचेल या इंग्रज तज्ज्ञाकडून हस्ताक्षर जुळत नसल्याचा अहवाल मिळवला. त्या अहवालाचा हवाला आजही दिला जातो. मिचेल यांनी मूळ कागद पाहिला नव्हता, फोटो पाहिले होते, हे मात्र सांगायचं राहून जातं. खरेदीखताच्या झेरॉक्सवरून सही खोटी ठरवायला गेलात तर कोर्टात कोण उभं करील?

दुसरा साक्षीदार याहून वजनदार. अहमद सोहराब हे अब्दुल बहांचे सचिव आणि दुभाषे. १९२९ मध्ये त्यांनी ज्युली चॅन्लर यांच्यासोबत न्यूयॉर्कला न्यू हिस्टरी सोसायटी हा स्वतंत्र गट काढला आणि पुढे बहाईंच्या अधिकृत संस्थेने त्यांना बाहेर काढलं. प्रकरण कोर्टात गेलं. धर्माच्या नावावर कुणाची मक्तेदारी नसते म्हणून १९४१ मध्ये संस्थेचा दावा फेटाळला गेला. एवढं हाडवैर होऊनही मृत्युपत्र खोटं आहे असं सोहराब म्हणाले नाहीत. त्यांची तक्रार कारभाराबद्दल होती.

म्हणून आमच्या मते बनावट कागदाचा मुद्दा लंगडा आहे. खरी अडचण १९५७ ची. पालकपद वंशपरंपरेने पुढे जायचं होतं. शोगी निपुत्रिक वारले आणि त्यांचं स्वतःचं मृत्युपत्रही सापडलं नाही. १९६० मध्ये मेसन रेमी या ज्येष्ठ अमेरिकन बहाईंनी पालकपदावर हक्क सांगितला, त्यातून ऑर्थोडॉक्स बहाई हा वेगळा गट झाला. बहुसंख्यांनी १९६३ मध्ये विश्व न्याय मंदिर ही नऊ जणांची सर्वोच्च समिती निवडली. त्यावर आजही फक्त पुरुषच निवडले जातात, आणि स्त्री-पुरुष समानता सांगणाऱ्या धर्मात हे कसं, या प्रश्नाला पटेल असं उत्तर अजून आमच्या ऐकण्यात नाही. २००४ मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक ग्लेशर यांनी ख्रिस्ती धर्मसुधारक ल्यूथरच्या धर्तीवर ९५ मुद्दे मांडून रिफॉर्म बहाई पंथ जाहीर केला. त्यांचा भर मात्र पुन्हा त्या मृत्युपत्रावरच.

‘संघटनेशिवाय बहाई’ ही कल्पना मूळ ग्रंथातच अडखळते. बहाउल्लांचा धर्मनियमांचा ग्रंथ किताब-ए-अकदस हैफाजवळच्या अक्केत १८७३ च्या सुमारास पूर्ण झाला. आपल्याकडे त्याच वर्षी २४ सप्टेंबरला जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला. मध्यस्थ नको, हे दोन्हीकडे आहे. पण अकदसमध्येच प्रत्येक शहरात किमान नऊ जणांचं न्याय मंदिर, म्हणजे स्थानिक समिती, असावी अशी आज्ञा आहे. ती मृत्युपत्राच्या कितीतरी आधीची.

मग संस्था वजा करून काय उरतं? वैयक्तिक साधना जशीच्या तशी. रोज हात-तोंड धुऊन ९५ वेळा ‘अल्लाह-उ-अब्हा’ म्हणायचं. इथे मराठी घरात एक गंमत होते: हाताशी जपमाळ १०८ मण्यांची असते आणि बोटं सवयीने मेरुमण्यापर्यंत जातात. मेरूपासून मोजून ९५ व्या आणि ९६ व्या मण्याच्या मध्ये रंगीत दोरा बांधा, प्रश्न मिटला. छोटी अनिवार्य प्रार्थना मध्यान्ह ते सूर्यास्त या वेळात. मार्चमध्ये पुण्यात मध्यान्हच साडेबाराच्या पुढे होतो, तेव्हा एकनंतर म्हणावी. तोंड अक्केजवळच्या बहजीकडे, म्हणजे बहाउल्लांच्या समाधीकडे; पुण्यातून ते पश्चिमेपासून साधारण ३० अंश उत्तरेला. देव्हाऱ्याच्या सवयीने लोक पूर्वेला बसतात.

उपवास नवरोझच्या, म्हणजे बहाई नववर्षाच्या, आधीचे १९ दिवस. नवरोझ २० मार्चला की २१ ला, हे २०१५ पासून तेहरानच्या वसंतसंपातावर ठरतं, त्यामुळे जुनी दिनदर्शिका वापरली तर एक दिवस चुकू शकतो. पुण्यात त्या दिवसांत सूर्योदय पावणेसातच्या आसपास, सूर्यास्तही तेवढ्यालाच. मधले बारा तास पाणीसुद्धा नाही. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू, मध्ये चहा हे आपलं ‘एकादशी, दुप्पट खाशी’ इथे चालत नाही. १५ खालच्यांना, ७० वरच्यांना, आजारी माणसांना, प्रवासातल्यांना, गर्भवतींना आणि अंगावर पाजणाऱ्यांना सूट आहे.

सामूहिक भागावर मात्र गाडं अडतं. दर १९ दिवसांनी भरणाऱ्या सभेचे तीन टप्पे: प्रार्थना, विचारविनिमय, मग खाणंपिणं. बहाई दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून सभा आदल्या संध्याकाळीही भरते आणि नवखा माणूस दुसऱ्या दिवशी बंद दारावर पोचतो. ऑनलाइन गटात पहिला टप्पा जमतो. दुसऱ्या टप्प्यात सूचना द्यायच्या असतात, पण निवडून आलेली समितीच नसेल तर त्या द्यायच्या कुणाला?

पैशाचंही तेच. हुकूकुल्लाह म्हणजे गरजा भागून उरलेल्या संपत्तीवरचे १९ टक्के. राहतं घर आणि आवश्यक सामान वगळायचं. हिशोब १९ मिस्काल सोन्यापासून सुरू होतो, म्हणजे सुमारे ६९ ग्रॅम. आजीच्या तोळ्याने सहा तोळ्यांना किंचित कमी, लक्ष्मी रोडच्या आजच्या दहा ग्रॅमी तोळ्याने जवळजवळ सात. शिल्लक बरोबर तेवढीच असेल तर द्यायचं साधारण १३ ग्रॅम. मागायला कुणी येत नाही, आपणहून द्यायचं. मुख्य प्रवाहात ते हैफाला विश्व न्याय मंदिराकडे जातं. कुठल्याही सुधारक गटाच्या पहिल्या बैठकीला गेलात तर मृत्युपत्राचा विषय काढू नका. हे तेरा ग्रॅम कुणाकडे जमा होतात आणि त्याचा हिशोब कोण तपासतं, एवढंच विचारा.